तेलक्षेत्रात वाट दाखवणारं आमचं अ‍ॅप: आता पुढे काय वाढवावं?

होकायंत्र (सोमवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

आम्ही चौघं मिळून एक छोटं अ‍ॅप चालवतो. पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोचा आग्नेय कोपरा, म्हणजे पर्मियन खोरं, एवढाच त्याचा संसार. विहिरीचं नाव किंवा एपीआय क्रमांक (अमेरिकेत विहिरीला मिळणारा ओळख क्रमांक) टाकायचा, अ‍ॅप तिथवरची वाट दाखवतं. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवलेला असतो, त्यामुळे नेटवर्क गेलं तरी बिघडत नाही. नेहमीच्या नकाशांत लीज रोड, म्हणजे विहिरींकडे जाणारे खासगी रस्ते, बहुतेक नसतात, असले तर अर्ध्यातच संपतात. म्हणून पंपर (विहिरींवर फिरून देखरेख करणारे), पाण्याचे टँकरवाले, वायरलाइनवाले (विहिरीत तारेने उपकरणं सोडणारे) आमच्याकडे येतात.

आता वर्षभरासाठी आणखी एक माणूस कामावर घेता येईल अशी सोय झाली आहे. डोक्यात चार गोष्टी आहेत. नॉर्थ डकोटा आणि अल्बर्टापर्यंत नकाशे न्यावेत. जड ट्रकसाठी वजन-उंची बघून वेगळी वाट द्यावी. दिवसभरात ज्या तीस-चाळीस विहिरी करायच्या त्यांचा क्रम अ‍ॅपनेच लावून द्यावा. किंवा डिस्पॅचरला (गाड्या कामावर पाठवणाऱ्याला) सगळ्या गाड्या एका पडद्यावर दिसाव्यात.

माझा कल तिसऱ्याकडे आहे, आणि खरं सांगायचं तर तो बनवायला मजा येईल म्हणून आहे. इथे फील्डवर काम केलेली बरीच मंडळी आहेत. तुम्ही काय म्हणता?

निरुपयोगी (सोमवार, रात्री ९:३०)

पहिला. बाकी विषयातलं ओ की ठो कळत नाही. जागा धरून ठेवतोय.

रात्रपाळी (सोमवार, रात्री १०:०५)

होकायंत्र, चारही राहू दे बाजूला. आधी माझी गोष्ट ऐक.

मी सहा वर्षं पाण्याचा टँकर चालवला. एका रात्री दोनच्या सुमाराला १३० बॅरल पाणी भरून निघालो. (तुझं अ‍ॅप नव्हतं, दुसरं होतं, नाव घेत नाही.) अ‍ॅपने नीट नेलं, 'तुम्ही पोहोचलात' असंही म्हणालं. खरंच पोहोचलो होतो. तेल उपसणारा पंपजॅक डोळ्यांसमोर डुलत होता, दोनशे पावलांवर. मध्ये तारेचं कुंपण आणि ओढ्याची घळ. फाटक पलीकडच्या अंगाला, आणि तिथे जायला अकरा मैलांचा वळसा. रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना भुसभुशीत वाळू. भरला टँकर अंधारात पाऊण मैल रिव्हर्स घेतला तेव्हा सुटलो.

विहीर कुठे आहे हे मला विचारायचंच नसतं रे. कुठल्या फाटकातून आत शिरायचं, हा माझा प्रश्न असतो.

मैलाचा दगड (सोमवार, रात्री १०:४१)

रात्रपाळी यांना अनुमोदन. मी सर्व्हेतला माणूस, म्हणून यामागची कारणं सांगतो.

सरकारी नोंदीत विहिरीचं 'स्थान' म्हणजे तिच्या तोंडाचा बिंदू. रस्ता, फाटक यांच्याशी त्या नोंदीला देणंघेणं नाही. अ‍ॅप काय करतं, तर त्या बिंदूच्या सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं आणि तिथे नेऊन सोडतं. जवळचा रस्ता कुंपणाच्या बाहेरचा निघाला की झाली रात्रपाळी यांची रात्र.

त्यातून आता विहिरी आडव्या. तोंड इथे आणि टोक जमिनीखालून दोन मैल पलीकडे. नोंदीत दोन्ही बिंदू असतात. कुणी चुकून टोकाचा बिंदू उचलला तर ड्रायव्हर भलत्याच माणसाच्या कुरणात उभा. वर काहीच नाही, विहीर आहे पण दोन मैल खोल!

तिसरी भानगड जुन्या नोंदींची. त्या एनएडी २७ या पायावर (अक्षांश-रेखांश मोजायची जुनी चौकट) मोजलेल्या, नव्या एनएडी ८३ वर. रूपांतर न करता तसेच आकडे टाकले की बिंदू ठिकाणानुसार दहापासून शंभर मीटरपर्यंत सरकतो. नकाशावर ते ठिपक्याएवढं दिसतं, जमिनीवर कुंपणाची बाजू बदलते.

होकायंत्र (सोमवार, रात्री १०:५८)

@मैलाचा दगड: दोन मैल 'खोल' नाही ना, दोन मैल आडवी. :) बाकी टोकाच्या बिंदूची चूक आम्ही पहिल्याच महिन्यात केली होती. तेव्हा लोकांनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

मैलाचा दगड (सोमवार, रात्री ११:०२)

खाली जाऊन मग आडवी. झोप आलीय, सांभाळून घ्या.

गणिती (मंगळवार, सकाळी ७:२०)

क्रम लावण्याच्या कल्पनेला माझं मत. फिरत्या विक्रेत्याचं जुनं कोडं आहे हे, सगळी ठिकाणं कमीत कमी अंतरात कशी करायची. तीस विहिरी कोणत्या क्रमाने करायच्या याचे पर्याय मोजले तर ३३ आकडी संख्या येते. माणूस अंदाजाने चांगला क्रम लावतो, पण यंत्र त्याहून बरा लावेल.

मजेची गोष्ट म्हणजे अनेक गाड्यांच्या वाटा एकत्र आखण्याचं गणित पहिल्यांदा मांडलं गेलं ते तेलाच्याच धंद्यासाठी. डांट्झिग आणि रॅमसर यांचा १९५९ चा लेख आहे. साठ्यावरून पेट्रोल भरून पंपांवर पोहोचवणाऱ्या ट्रकांचा प्रश्न त्यांनी घेतला होता. म्हणजे होकायंत्र, तू माहेरीच आला आहेस.

टाकीवाला (मंगळवार, सकाळी ८:४५)

गणिती साहेब, मी पंपर आहे. बेचाळीस विहिरी माझ्याकडे. तुमचा ३३ आकडी आकडा वाचून धाप लागली, पण माझा क्रम अंतरावर ठरतच नाही हो.

सकाळी फोन उघडला की कोणती विहीर रात्री बंद पडली ते दिसतं. आधी तिकडे. मग ज्या टाकीतलं तेल आज ट्रक उचलणार ती मोजून ठेवायची, कारण तो आल्यावर मी तिथे नसलो तर खोळंबा. मग काल जिथे गळती सावरली ते बघायचं. एका रँचवाल्याला सकाळी गुरांना चारा घालताना आमच्या गाड्या नको असतात, तिकडे दहानंतर. उरलेल्या विहिरी जाता येता. अनेक कंपन्यांत तर आता रोज सगळ्या विहिरी बघतच नाहीत, सेन्सर ओरडला तिथेच जायचं.

सगळ्यात कमी मैलांची वाट मला नकोय. मी ठरवलेल्या क्रमात एक विहीर मध्ये घुसवली तर किती उशीर होईल एवढं सांगा, पुरे. आणि क्रम बदलायचा हक्क माझा. अ‍ॅपने मला 'तुम्ही वाट चुकलात' म्हणू नये.

गणिती (मंगळवार, सकाळी ९:०३)

टाकीवाला, तुम्ही सांगताय त्या सगळ्या अटी गणितात घालता येतात. वेळेची खिडकी, अग्रक्रम, सगळं.

टाकीवाला (मंगळवार, सकाळी ९:१०)

येत असतील. पण त्या अटी रोज भरायच्या कोणी? मीच ना? तेवढ्यात तीन विहिरी होतात.

निरुपयोगी (मंगळवार, सकाळी ९:१५)

टाकीवाला १, गणित ०.

हिमालयाची सावली नाही (मंगळवार, सकाळी ११:३०)

अल्बर्टातून लिहितोय. होकायंत्र, इकडे येणार असशील तर एक सांगून ठेवतो, आमच्याकडे सगळे एलएसडीवर चालतात.

निरुपयोगी (मंगळवार, सकाळी ११:३२)

म्हणूनच फाटक सापडत नसणार.

हिमालयाची सावली नाही (मंगळवार, सकाळी ११:५०)

येणार हे माहीत होतं. :) एलएसडी म्हणजे जमिनीचा चाळीस एकरांचा तुकडा. सहा मैल बाय सहा मैलांचं टाउनशिप, त्यात एकेक मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शनचे १६ एलएसडी. कामाच्या चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश नसतात, '०६-१४-०३२-०५ डब्ल्यू ४' असं काहीतरी असतं. एलएसडी, सेक्शन, टाउनशिप, रेंज आणि शेवटी मध्यान्हरेषा (डब्ल्यू ४ म्हणजे चौथीच्या पश्चिमेला). ड्रायव्हर रेडिओवर हेच बोलतात, डिस्पॅचर हेच लिहितो. अ‍ॅपला हे वाचता आलं नाही तर इकडे कुणी उघडणार नाही.

आता यातली गंमत. तुमच्या अमेरिकेतही सहा मैलांचं टाउनशिप आणि ३६ सेक्शन आहेत, पण मोजणी ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होते. आमची आग्नेयेच्या. सेक्शन १ तुमच्याकडे वरती, आमच्याकडे तळाला. कोड तसाच उचलून आणलास तर माणूस पाच मैलांपर्यंत चुकेल आणि चूक लक्षातही येणार नाही, कारण तिथेही कुठली तरी विहीर असेलच. डब्ल्यू ४ च्या जागी डब्ल्यू ५ पडलं तर प्रश्नच मिटला. मध्य अल्बर्टात तो फरक अडीचशे किलोमीटरच्या वर जातो.

मैलाचा दगड (मंगळवार, दुपारी १२:२०)

उत्तम प्रतिसाद. त्यात भर: होकायंत्रच्या सध्याच्या इलाक्यातही दोन पद्धती आहेतच. न्यू मेक्सिकोत टाउनशिप-सेक्शन चालतं, टेक्सासात नाही. टेक्सास १८४५ साली संघराज्यात आलं ते स्वतःच्या सरकारी जमिनी स्वतःकडे ठेवून, त्यामुळे संघराज्याची मोजणी तिथे झालीच नाही. तिथे सर्व्हे, ब्लॉक, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नंबर. राज्याची सीमा ओलांडली की पत्त्याची भाषाच बदलते. एपीआय क्रमांक त्यातल्या त्यात सोपा: पहिले दोन आकडे राज्याचे (टेक्सास ४२, न्यू मेक्सिको ३०, नॉर्थ डकोटा ३३), पुढचे तीन काउंटीचे, मग पाच विहिरीचे.

हिमालयाची सावली नाही (मंगळवार, दुपारी १२:४४)

आणखी दोन गोष्टी राहिल्या. इकडे जंगलातले बरेच रस्ते रेडिओवर चालतात. पाटीवर वाहिनी लिहिलेली असते, ती लावायची आणि ठरावीक किलोमीटरला 'अमुक रस्ता, इतका किलोमीटर, भरलेला' किंवा 'रिकामा' असं ओरडायचं. समोरून लाकडाचा ट्रक येत असेल तर तुम्ही आधीच बाजूला थांबता. अ‍ॅपने रस्त्याबरोबर वाहिनी दाखवली आणि हाक द्यायच्या किलोमीटरला आठवण केली तर लोक दुवा देतील.

आणि वसंतात बर्फ वितळला की रस्ते मऊ होतात. मग जड गाड्यांवर निर्बंध, एखाद्या रस्त्यावर नेहमीच्या ७५ टक्केच आसभार (एका आसावरचं वजन). हे निर्बंध दिवसागणिक बदलतात. जानेवारीची वाट एप्रिलमध्ये चालत नाही.

धुळीचा लोट (मंगळवार, दुपारी २:१०)

ट्रकच्या वाटेबद्दल. 'वजन-उंची बघून वाट देऊ' हे ऐकायला सोपं आहे. आंतरराज्य महामार्गावर ८०,००० पौंडांपर्यंत परवाना लागत नाही, ते गणित कुठलंही इंजिन करेल. व्हॅल्हालासारख्या वाट शोधणाऱ्या खुल्या इंजिनात ट्रकची उंची, वजन, घातक माल असे पर्याय आयते आहेत. पण रिग (विहीर खणायचं यंत्र) हलवायची असते तेव्हा ओझं त्याहून कितीतरी जास्त, आणि परवान्यावर वाटच छापून येते. या रस्त्याने जा, इथे वळा, या पुलावरून नको. तुझ्या अ‍ॅपने त्यापेक्षा 'बरी' वाट सुचवली आणि ड्रायव्हर गेला, तर दंड कोण भरणार?

तेव्हा परवान्यावरची वाट जशीच्या तशी अ‍ॅपमध्ये भरता यावी, आणि गाडी तिच्यावरून घसरली की अ‍ॅपने बोंब मारावी. नवी वाट शोधून देऊ नये. वाट शोधणाऱ्या अ‍ॅपने गप्प बसायला शिकणं अवघड असतं म्हणा.

शंकासुर (मंगळवार, दुपारी ४:००)

सगळे वाटांबद्दल बोलताय, चौथ्या मुद्द्यावर कुणीच नाही. सगळ्या गाड्या डिस्पॅचरच्या पडद्यावर, म्हणजे सरळ भाषेत मालकाचा डोळा. आज 'सोयीसाठी' म्हणायचं आणि उद्या 'तू टाकीपाशी वीस मिनिटं का थांबलास' हा जाब. ड्रायव्हर काय करतील माहीत आहे का? फोन गाडीत उलटा ठेवतील. मग ज्या माहितीवर तुझं अ‍ॅप चालतं, ती माहितीच बंद.

पाळीप्रमुख (मंगळवार, सायंकाळी ५:३५)

शंकासुर, मी डिस्पॅचला बसते. रात्री चौदा गाड्या बाहेर असतात. त्यातली एक दोन तास बोलली नाही तर मी काय करायचं? गाडी विहिरीवर रांगेत उभी आहे की खड्ड्यात उलटली आहे, हे मला कसं कळणार? नेटवर्क नाही, रेडिओ पोहोचत नाही. वीस मिनिटांचा हिशेब मागायला वेळ आहे कुणाला इथे!

शंकासुर (मंगळवार, सायंकाळी ५:५०)

ताई, तुम्ही नाही मागणार. तुमच्या वरचे मागतील.

पाळीप्रमुख (मंगळवार, सायंकाळी ६:०२)

हे मात्र नाकारता येत नाही.

वाळूतला उंट (मंगळवार, रात्री ८:१५)

आखाती वाळवंटात दहा वर्षं काढली. या दोघांच्या भांडणावर आमच्याकडे एक जुना उपाय आहे. निघताना प्रवासाचा तक्ता भरायचा: कुठून, कुठे, कोणत्या वाटेने, किती वाजता पोहोचणार, सोबत कोण. पोहोचलात की कळवून तक्ता बंद. ठरलेली वेळ उलटून गेली आणि तक्ता उघडाच असला की शोध सुरू. दरम्यान तुम्ही कुठे थांबलात, काय केलंत, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. अ‍ॅपने एवढंच केलं तर मालकाचा डोळाही नको आणि पाळीप्रमुखांची झोपही उडायला नको.

अवांतर: सबखा नावाचा प्रकार असतो. मिठाची पापडी, वरून डांबरासारखी घट्ट दिसते, खाली चिखल. उपग्रहाच्या चित्रात छान सपाट मैदान. आमच्यातल्या एका शहाण्याने त्यावरून जवळची वाट काढली आणि पिकअप दरवाज्यापर्यंत रुतली. काढायला गेलेली दुसरी गाडीही रुतली. तिसरी पाठवणाऱ्याने मात्र आधी दोर मागवला.

रात्रपाळी (मंगळवार, रात्री ८:३३)

तिसऱ्याला अक्कल आली म्हणायची.

नाडीपरीक्षा (मंगळवार, रात्री ९:४०)

सुरक्षा विभागात काम करते, त्यामुळे माझा सूर जरा रडका वाटेल. अमेरिकेत तेल-वायू उत्खननात जे कामगार कामावर दगावतात, त्यांतले सुमारे ४० टक्के रस्त्यावरच्या आणि वाहतुकीच्या अपघातांत जातात. आग-स्फोटांची बातमी होते, पहाटे पाचला झापड येऊन रस्ता सोडलेल्या पिकअपची होत नाही. म्हणून 'सगळ्यात लवकर पोहोचवणारी वाट' या शब्दांचीच मला भीती वाटते. बारा तासांच्या पाळीनंतर परतणाऱ्या माणसाला मातीच्या अरुंद रस्त्याने सात मिनिटं वाचवून देऊ नका. त्याला डांबरी रस्त्याने पाठवा.

दुसरं, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. ज्या विहिरींवर तो आहे तिथे वाऱ्याच्या पाठीने जायचं असतं, म्हणजे वारा तुमच्याकडून विहिरीकडे वाहायला हवा. वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून कळेल, या भरवशावर राहू नये. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास नाकच बधिर होतं आणि ती पातळी जिवावर बेतणारी आहे. अ‍ॅपमध्ये विहिरीवर खूण असावी आणि पॅडला (विहिरीभोवतीच्या सपाट जागेला) दोन प्रवेश असतील तर दोन्ही दिसावेत. वारा कुठून आहे ते माणसाने तिथल्या वातकुक्कुटाकडे बघून ठरवावं, फोनकडे बघून नको.

तिसरं, आणीबाणीत पत्ता सांगणं. रुग्णवाहिकेला '३१ अंश ४५ मिनिटं ३० सेकंद' सांगितलं आणि पलीकडच्याने ३१.४५३० टाइप केलं, तर ती गाडी जवळपास ३४ किलोमीटर दक्षिणेला जाते. हेलिकॉप्टरवाल्यांना आणखी तिसऱ्याच रूपात हवं असतं. एक मोठं बटण द्या, दाबलं की तिन्ही रूपं मोठ्या अक्षरांत आणि फाटकापर्यंतची वाट शब्दांत. घाबरलेल्या माणसाला ती नुसती वाचता आली पाहिजे.

होकायंत्र (मंगळवार, रात्री १०:०५)

नाडीपरीक्षाताई, हे बटण आमच्या यादीत नव्हतंच. आता आहे.

रेखांशापुढचं उणे चिन्ह गळलं की काय होतं तेही सांगतो. आमच्या चाचणीत मिडलंडजवळची विहीर थेट चीनच्या डोंगरांत गेली होती. अंदाजे वेळ दाखवता येत नाही, असं अ‍ॅप अगदी नम्रपणे म्हणालं.

निरुपयोगी (मंगळवार, रात्री १०:०८)

फाटक कुठल्या बाजूला होतं?

खुला नकाशा (बुधवार, सकाळी ८:३०)

उशिरा आलो. प्रश्न असा की हे फाटकांचं आणि लीज रोडचं ज्ञान ठेवणार कुठे? ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) टाकलंत तर सगळ्यांना फायदा, आणि खासगी रस्त्याला 'खासगी' अशी खूणही करता येते. पण परवान्याची अट नीट वाचा. त्यांच्या माहितीत तुमची मिसळून जो साठा तयार होईल, तो बाहेर वापरलात तर त्याच अटींवर खुला करावा लागतो. कंपन्यांनी विश्वासाने दिलेली फाटकं वेगळ्या थरात ठेवा, मिसळू नका.

कुलपांचे आकडे तर कुठेच ठेवू नका. ते रँचवाल्याचं आणि कंपनीचं गुपित. एकदा फुटलं की तुमच्यासाठी सगळीच फाटकं बंद.

टाकीवाला (बुधवार, सकाळी ९:००)

कुलपाच्या आकड्याबद्दल सहमत, पण व्यवहारात तो माझ्या गाडीच्या सनशेडवर मार्करने लिहिलेला आहे. बेचाळीस विहिरींचे आकडे पाठ करायला मी काही गणिती नाही.

गणिती (बुधवार, सकाळी ९:०४)

मीही नाही. माझे वहीत असतात.

धुळीचा लोट (बुधवार, दुपारी १:१५)

धागा भरकटला. होकायंत्र, ठरलं काय मग? चारपैकी कोणतं?

होकायंत्र (बुधवार, रात्री ९:५०)

काल रात्री जुन्या फेऱ्या उघडून बसलो होतो, ज्यांनी 'माहिती वापरा' म्हणून परवानगी दिली आहे त्यांच्याच. हमरस्त्यावर जवळपास सगळे आमच्या वाटेने जातात. शेवटच्या दोन-तीन मैलांत रेघा फाटतात. कुणी मागे वळलंय, कुणी कुंपणाला समांतर गेलंय, कुणी दहा मिनिटं एका जागी उभं आहे. हे इतकी वर्षं आमच्यासमोर होतं आणि आम्ही त्याला 'जीपीएसची चूक' म्हणून गाळत होतो.

तर नवा माणूस पहिले सहा महिने फक्त फाटकांवर काम करेल. विहिरीला एक बिंदू नाही, तोंड वेगळं, फाटक वेगळं, ट्रकचं फाटक आणखी वेगळं. फाटक चुकीचं निघालं तर ड्रायव्हरने एका बोटाने सांगायचं, नेटवर्क आल्यावर ते पोहोचेल. नाडीपरीक्षाताईंचं बटण लगेच. उंटरावांचा तक्ता त्यानंतर, आणि ड्रायव्हरने स्वतः उघडायचा, स्वतः बंद करायचा. मालकाचा पडदा नाही. अल्बर्टा पुढच्या वर्षी, सेक्शनची मोजणी आग्नेयेपासून शिकल्यावर. क्रम लावणं सध्या बासनात. मजा हुकली, चालायचंच.

शंकासुर (बुधवार, रात्री १०:०५)

मालकाचा पडदा नाही हे सहा महिन्यांनी परत विचारणार आहे. वाचनखूण साठवली.

रात्रपाळी (बुधवार, रात्री १०:२०)

माझं ते अकरा मैलांवरचं फाटक पहिलं टाक. जागा व्यनि (खासगी निरोप) करतो.

होकायंत्र (शुक्रवार, सायंकाळी ६:४०)

@रात्रपाळी: टाकलं. त्या भागातल्या एका पंपरला खात्री करायला सांगितलं होतं. तो म्हणतो फाटक बरोबर आहे, पण गेल्या महिन्यात रँच विकली गेली. नव्या मालकाने तिथे मातीचा ढीग टाकलाय आणि फाटक काढलंय उत्तरेला.

रात्रपाळी (शुक्रवार, सायंकाळी ६:५२)

उत्तरेला म्हणजे मी त्या रात्री उभा होतो तिथेच की रे!